समोरचा अनोळखी असला की पहिला राउंड कुठं जातो?

आपल्या नाशिकचाच एक मुलगा विचारतोय. वय 20, गट 60 किलोचा, तीन वर्षांपासून बॉक्सिंग करतो. क्लबमध्ये स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीत, बहुतेकांना भारी पडतो. पण आतापर्यंतच्या 11 बाउटपैकी (स्पर्धेतल्या लढतींपैकी) 6 हरला, आणि त्या सहाही जणांना त्याने आधी कधी पाहिलेलं नव्हतं. जिंकलेल्या पाचांतले तिघं ओळखीचे. पहिला राउंड हमखास जातो, तिसऱ्यात तो बरा खेळतो, पण तोवर गाडी सुटलेली असते. त्याचं म्हणणं असं : 'काही बॉक्सर असे असतात की समोर कुणालाही आणून उभं करा, तयारी नसली तरी दोन मिनिटांत जुळवून घेतात. हे उपजत असतं का? नसेल तर शिकायचं कसं?'

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तोफखान्यात असताना युनिटकडून खेळलो. नोकरी संपल्यावर नाशिकलाच राहिलो आणि गेली अठरा वर्षं संध्याकाळी सिडकोत पोरं शिकवतोय. पुढचं सगळं तेवढ्या अनुभवावरचं आहे. दुसरा कोच वेगळं सांगेल, त्याचंही ऐक.

आधी तुझा प्रश्न जरा फिरवून बघू. तुला वाटतं की क्लबमध्ये तुला जुळवून घेता येतं आणि बाहेर गेल्यावर जमत नाही. मला वाटतं, क्लबमध्येसुद्धा तू जुळवून घेत नाहीस. तिथं तुला उत्तरं पाठ आहेत. अमका जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून उजवा हात खाली सोडतो, तमका दमला की दोरीकडे जातो, तिसरा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारताना डोळे मिटतो. दोनशे राउंड एकत्र खेळल्यावर हे कुणालाही कळतं. दहावीला 'अपेक्षित' घोकून गेलेल्या पोराला घरचा सराव पेपर सोपाच जातो, तशातली गत.

दुसरी गोष्ट तूच लिहिलीस आणि तिथंच सोडून दिलीस. तिसऱ्या राउंडला तू बरा खेळतोस. म्हणजे समोरचा तुला कळतो, पण उशिरा. आपल्या खेळात तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. सहाव्या मिनिटाला जे कळतं ते पहिल्या मिनिटाला कसं कळेल, हा तुझा खरा प्रश्न. असं मांडलं की त्यावर काम करता येतं. 'उपजत असतं का' यावर काहीच काम करता येत नाही.

काही गोष्टी मला इथून दिसणार नाहीत, त्या तू स्वतः तपास. 18 पर्यंत तू यूथ गटात होतास. 19 पासून एलिट, म्हणजे मोठ्यांचा गट, आणि तिथं वरची वयोमर्यादा चाळिशीपर्यंत जाते. हरलेल्या सहांपैकी किती एलिटमधले? समोरच्याच्या पन्नास-साठ बाउट झालेल्या असतील तर तो तुला अनोळखी होता म्हणून जिंकला असं म्हणता येणार नाही, तो तुझ्यापेक्षा जुना होता म्हणून जिंकला. शिवाय एलिट पुरुषांत 2013 पासून हेडगार्ड नाही. पहिलं वर्षभर सगळीच पोरं भुवई फुटायच्या भीतीने आखडून खेळतात. वजनाचंही बघ. बाउटच्या दिवशी सकाळी वजन असतं, आणि आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून किलो-दीड किलो उतरवलेल्या पोराचं डोकं दुपारी चालत नाही. पाय चालतात, म्हणून त्याला वाटतं आपण ठीक आहोत. यातलं काही तुला लागू असेल तर आधी ते निस्तर. खालचं वाचून उपयोग नाही.

आता मुद्द्यावर येतो. अनोळखी माणसाशी, तयारीशिवाय, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गावच्या यात्रेतली कुस्ती आठव. आखाड्याच्या कडेला पैलवान उभे असतात, पंच त्यातल्या दोघांचे हात धरून जोड लावतात, आणि पाच मिनिटांत ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाशी कुस्ती सुरू. तिथं व्हिडिओ नसतो, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याची सोडत) नसतो. पण सलामी झाल्या झाल्या कुणी अंगावर झेप घेतं का? आधी खडाखडी होते. हाताला हात, मानेवर हात, जरा ओढून बघायचं, जरा ढकलून बघायचं. प्रेक्षकांना वाटतं नुसता वेळ काढतायत. खरं तर दोघंही विचारतायत : तुझा जोर पुढच्या पायावर आहे की मागच्या? ओढलं तर येतोस की अडतोस? मान कडक आहे की सैल? उत्तर मिळालं की मग पट.

याच्या उलट टोक बघायचं तर 2020 ची महाराष्ट्र केसरी. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर जिंकला ती. अंतिम फेरीत समोर होता शैलेश शेळके, आणि दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. एकमेकांचे डाव एकमेकांना पाठ. तिथं ओळख हीच अडचण असते. तुझ्या बाबतीत ती अडचण नाही, तुला खडाखडी येत नाही एवढंच आहे. तू बेल झाली की थेट पेपर लिहायला बसतोस, प्रश्न न वाचता.

मी जे चांगले 'जुळवून घेणारे' पाहिले, लष्करात आणि नंतर इथं, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. ते समोरच्या माणसाचा अभ्यास करायच्या फंदात पडत नाहीत. ठरलेल्या चार-पाच गोष्टी शोधतात, बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करतात. पहिली, पुढचा पाय कुठला आणि अंगाचं वजन कुठल्या पायावर. दुसरी, त्याचा जॅब नेमका कुठं संपतो. उंची बघून अंदाज बांधू नकोस, उंच पोरं बऱ्याचदा कोपर न उघडता मारतात. अर्धा पाय आत टाक, त्याला मारू दे, ग्लोव्ह नाकासमोर कुठं थांबला ते बघ, तिथं तुझी रेघ. तिसरी, हूल दिली की काय करतो. चौथी, स्वतः मारून झाल्यावर काय करतो. बाहेर पडतो, तिथंच उभा राहतो, की मिठी मारतो? बस. तो कुठल्या क्लबचा, मागच्या वर्षी त्याने कुणाला हरवलं, हातावर काय गोंदलंय, यातलं काहीही रिंगमध्ये कामाला येत नाही.

हे शोधताना नजर कुठं असावी, हे पोरं नेहमी विचारतात. छातीवर, गळ्याच्या खाचेच्या जरा खाली. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला माणसाला साधारण 200 मिलीसेकंद लागतात, आणि जवळून निघालेला जॅब तेवढ्यात पोचलेला असतो. ग्लोव्ह बघून कुणीच चुकवत नाही. खांदा, कंबर आणि मागची टाच आधी बोलतात. छातीवर नजर ठेवली की या तिन्ही गोष्टी कडेच्या नजरेत येतात. डोळ्यांत डोळे घालून बघणारे वजनाच्या वेळी फोटोसाठी ठीक.

आता हुलीवर जरा थांबतो, कारण तुझं निम्मं काम इथं आहे. हूल म्हणजे खोटा प्रश्न, पण उत्तर खरं मिळतं. पुढचा गुडघा किंचित वाकव, डावा खांदा दोन बोटं पुढे आण, हात सोडू नकोस. समोरचा चारच गोष्टींपैकी एक करतो. सरळ मागे सरकतो. किंवा झाकून घेतो. किंवा उलटा मारतो. किंवा काहीच करत नाही. यापेक्षा पाचवं उत्तर मी आजवर पाहिलेलं नाही. मागे सरकणाऱ्यासाठी पहिला जॅब वाया जाऊ दे, दुसरा लांब पाय टाकून मार, तो सरळ रेषेत मागे जात असतो आणि क्रॉसला (मागच्या हाताच्या सरळ ठोशाला) जागा मिळते. झाकणाऱ्याचे हात वर जातात तेव्हा पोट उघडं पडतं. उलटा मारणारा सगळ्यात धोक्याचा, पण सगळ्यात उपयोगाचाही : त्याला हूल देऊन मारायला लाव, अर्धा पाऊल मागे घे आणि त्याचा हात परत जाताना तू जा. आणि जो काहीच करत नाही, त्याला पुढची हूल देऊच नकोस, सरळ जॅब मार. फुकटचा गुण आहे.

एक प्रसंग सांगतो. निवड चाचणीत माझी एक पोरगी होती, समोरची तिच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आणि दुसऱ्या जिल्ह्यातली. मी कॉर्नरमधून बघत होतो. पहिल्या वीस सेकंदांत आमची पोरगी एकही ठोसा न मारता तीन वेळा गुडघ्यात वाकली. पहिल्या वेळी समोरचीने दोन्ही हात वर घेतले. दुसऱ्या वेळीही घेतले, आणि या वेळी मला दिसलं की हात वर घेताना तिचं उजवं कोपर बरगडीपासून वीतभर सुटतं. तिसऱ्यांदा परत तेच. चौथ्या वेळी गुडघा तसाच वाकला, खांदा तसाच हलला, आणि पाठोपाठ डावा हुक बरोबर त्या मोकळ्या जागी, बरगडीखाली. यकृत उजव्या बाजूला असतं, तिथं बसलेला ठोसा माणसाला घडी घालतो. समोरची खाली बसली नाही, पण त्यानंतर तिने कोपरं खाली आणली, आणि कोपरं खाली आली म्हणजे डोकं मोकळं झालं. बाउट संपल्यावर मी आमच्या पोरीला विचारलं, कोपर कधी दिसलं? म्हणाली, "सर, कोपर नाही दिसलं. तिसऱ्यांदाही तेच केलं तिने, एवढंच कळलं."

यातलं शेवटचं वाक्य नीट वाच. तिने कारण शोधलं नाही. एकच गोष्ट तीनदा घडली, एवढं तिला पुरलं. एकदा घडलेलं योगायोग असू शकतं. दोनदा घडलं की शंका घ्यायची. तिसऱ्यांदा पैज लावायची. तुझ्यासारखी हुशार पोरं एकदा घडलेल्यावरच पैज लावतात, हरतात, आणि मग राउंडभर काहीच लावत नाहीत.

आणि हे सगळं फुकट होत नाही. विचार करायला डोक्यात जागा रिकामी पाहिजे. जॅब मारून हात हनुवटीला परत आणायचा हे जर तुला अजून आठवून करावं लागत असेल, तर तुझं अर्धं डोकं तिथंच अडकलं, समोरच्याकडे बघणार कोण? गाडी नवीन शिकणारा द्वारका चौकात गिअर बघत बसतो आणि रिक्षावाला कुठून घुसला हे त्याला दिसत नाही. ज्याला तू 'उपजत' म्हणतोस, त्यातलं बरंचसं हे आहे. त्याचे हात-पाय त्याला विचारत नाहीत.

आता 'तयारी'बद्दल एक माझीच फजिती. लष्करातल्या एका स्पर्धेत उपांत्य फेरीला मला एक डावखुरा आला. आदल्या रात्री मेसमध्ये दोघा-तिघांनी सांगितलं, तो मागे मागे सरकत खेळतो, त्याला कोपऱ्यात गाठ. रात्रभर मी डोक्यात रिंग कापत होतो, म्हणजे त्याच्या पळायच्या वाटा अडवत होतो. बेल झाली आणि तो सरळ अंगावर आला. मला वाटलं, आत्ता मागे जाईल. पुन्हा आला. मला वाटलं, आता जाईल. अख्खा पहिला राउंड मी अशा माणसाशी खेळलो जो तिथं नव्हताच, आणि जो होता त्याचा डावा हात खात राहिलो. त्या रात्री काहीच ऐकलं नसतं तर दहा सेकंदांत दिसलं असतं. अर्धवट ऐकीव माहिती ही कोऱ्या पाटीपेक्षा वाईट. म्हणून आता मी पोरांना ड्रॉ निघाल्यावर समोरच्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, उजवा की डावखुरा. तेही मी स्वतः पाहिलं असेल तर.

मोठ्या व्यावसायिक लढती बघून तू हे विचारलंस असं दिसतंय, तर तिथं एक धोका आहे. 2006 मध्ये मेवेदरला झॅब जुडाने पहिले चार राउंड हैराण केलं. जुडा डावखुरा आणि हात विजेसारखे. पाचव्यापासून मेवेदरने गार्ड वर घेतला, पुढे चालायला लागला, उजवा हात पोटात घालायला लागला आणि लढत आपल्या बाजूला आणली. 2004 मध्ये मार्केझ पाकियाओकडून पहिल्याच राउंडमध्ये तीनदा खाली गेला. तीनदा! तिथून उठून तो डावा सरळ ठोसा कुठून निघतो हे ओळखायला शिकला आणि बारा राउंडनंतर लढत बरोबरीत सोडवली. दोन्ही बघण्यासारख्या आहेत. पण हिशोब कर. त्यांच्याकडे बारा राउंड होते. चार राउंड शिकवणीची फी भरली तरी आठ उरतात. तुझ्याकडे तीनच. पहिला गेला की पंच आपापल्या कागदावर समोरच्याला 10 आणि तुला 9 देऊन मोकळे, आणि पुढचे दोन्ही तुला जिंकावेच लागतात.

म्हणून आपल्याकडे खडाखडी रिकाम्या हाताने करता येत नाही. प्रश्न विचारता विचारता गुणही मिळवायचे. दोन हुली, मग खरा जॅब. रेघ मोजायची ती पाय हलवत. नुसता बघत उभा राहिलास तर पंचाला तू घाबरलेला दिसतोस, आणि दुसऱ्याच मिनिटाला समोरच्यालाही. व्यावसायिकांच्या व्हिडिओतून डोळे शिक, वेग त्यांचा घेऊ नकोस.

'तयारी नसताना' म्हणजे नेमकं काय, हे अँडी रुईझकडून समजून घे. 2019 ला अँथनी जोशुआसमोर जेरेल मिलर उभा राहायचा होता. तो उत्तेजक चाचण्यांत अडकला आणि महिनाभर आधी रुईझला बोलावलं. 1 जूनला न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्या राउंडला रुईझ खाली गेला, उठला, आणि त्याच राउंडमध्ये जोशुआला दोनदा खाली बसवला. सातव्यात लढत थांबवली. लोक म्हणाले, बिनतयारीचा माणूस जिंकला. पण हा माणूस 20 एप्रिलला दुसरी लढत खेळून बसला होता. शरीर तयार, डोळे तयार. नव्हती ती फक्त जोशुआची तयारी. संपवायला आलेल्या माणसाचा गार्ड उघडा असतो, हे त्याला कुणी व्हिडिओ लावून दाखवायची गरज नव्हती. उलट डिसेंबरच्या परतीच्या लढतीत त्याच्याकडे सहा महिने होते आणि समोरचा ओळखीचाही होता. तो पंधराएक पौंड वजन वाढवून आला, जोशुआ हलका होऊन आला, पाय चालवत लांबून जॅब मारत राहिला, आणि रुईझ गुणांवर हरला. जोशुआ बदलला होता. रुईझ जुन्या जोशुआची वाट बघत राहिला, मी त्या डावखुऱ्याची बघत होतो तशी.

जाता जाता एक. 2008 ला बीजिंगमध्ये आपल्या अखिल कुमारने विश्वविजेत्या वोदोप्यानोवला मागे पडूनही 9-9 अशा बरोबरीवर गाठलं आणि काउंटबॅकवर, म्हणजे सगळ्या पंचांनी नोंदवलेले एकूण ठोसे मोजून, जिंकला. हात खाली सोडून खेळायचा तो. पुढचे दोन महिने माझ्या हॉलमध्ये प्रत्येक पोराचे हात खाली आणि प्रत्येकाच्या नाकात कापूस. अखिलचे हात खाली होते कारण त्याचे डोळे वर होते. डोळे तयार व्हायच्या आधी हात सोडायचे नसतात.

मग सराव कसा करायचा? आमच्याकडे शनिवारी एक स्टीलचा डबा निघतो, घरचा लाडवांचा आहे, त्यात चिठ्ठ्या. 'फक्त मागे जा.' 'आधी मारू नकोस, उलटाच मार.' 'पहिली तीस सेकंदं तुटून पड, मग थांब.' 'जॅब बंद.' 'उजवा पाय पुढे ठेवून उभा राहा.' अशा वीसेक. जोडीतला एक जण चिठ्ठी काढतो, वाचतो, खिशात घालतो आणि राउंडभर तसाच खेळतो. दुसऱ्याला ठाऊक नसतं. एक मिनिट झालं की मी थांबवतो. माउथगार्ड काढायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या. मग उरलेली दोन मिनिटं खेळायची.

सुरुवातीला काय उत्तरं येतात सांगू? "सर, फास्ट आहे." "सर, हात जड आहे." "सर, अंगावर येतो." याला मी उत्तर मानत नाही. फास्ट आहे म्हणजे तू काय करणार? 'जॅब मारला की स्वतःच्या डावीकडे सरकतो' हे उत्तर, कारण आता तुला माहीत झालं की तो कुठं असणार आहे. 'दोन मारून थांबतो' हे उत्तर. साधारण दोन-अडीच महिन्यांत पोरांची भाषा बदलते, विशेषणं जातात आणि क्रियापदं येतात. ज्याची भाषा बदलली त्याचा पहिला राउंड सुधारतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी ठोसे बघण्याआधी वाक्यं ऐकतो.

तुझ्या क्लबमध्ये असं कुणी घेत नसेल तर दोन मित्रांना सोबत घेऊन स्वतः कर. चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्याही चालतात. डावखुरे कमी असतील तर उजव्यालाच उलटा उभा कर. खेळ कच्चा होईल, पण पायांची गुंतागुंत तीच राहते. डावखुऱ्यासमोर तुझा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर असला पाहिजे आणि तुझा उजवा सरळ ठोसा मोकळा. इथं एवढं पुरे, हा स्वतंत्र विषय आहे.

महिन्यातून एकदा दुसऱ्या क्लबात जा. कोचला विचारून, दोघांच्याही कोचला. दुसरीकडे गेलं की पहिल्याच दिवशी जीव खाऊन मारणारा एखादा भेटतोच, आधीच ठरवून घे की निम्म्या ताकदीने खेळायचं, आणि हेडगार्ड घालूनच. डोकं दुखलं, मळमळलं, प्रकाश नकोसा झाला तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत रिंगमध्ये पाय ठेवू नकोस. अनोळखी माणसं शोधायची म्हणून मेंदू पणाला लावायचा नाही. तालमीतला एखादा पैलवान ओळखीचा असेल तर त्याला ग्लोव्हज घालून फक्त अंगाने ढकलत यायला सांग. आमच्याकडे एक जण यायचा, ठोसा धड मारता येत नव्हता बिचाऱ्याला, पण त्याच्यासमोर तोल सांभाळायला शिकलेली पोरं नंतर कुठल्याच अंगावर येणाऱ्याला बिचकली नाहीत.

व्हिडिओ बघायचेच असतील तर असे बघ : अजिबात माहीत नसलेल्या दोघांची हौशी बाउट लाव, आवाज बंद, एक मिनिट झालं की थांबव. तीन गोष्टी वहीत लिही. मग पुढे बघ आणि ताळा कर. रोज एक बाउट, दहा मिनिटांचं काम. ढोल वाजवत केलेल्या नॉकआउटच्या तुकड्यांतून काही मिळत नाही, तिथं प्रश्न कापून टाकलेले असतात आणि फक्त शेवटचं उत्तर ठेवलेलं असतं.

कॉर्नरच्या त्या एका मिनिटाचंही बोलून ठेवतो. माझ्या ओळखीचे कित्येक कोच त्या मिनिटात आठ सूचना देतात आणि पोरगा एकही घेऊन जात नाही. पाणी, दोन लांब श्वास, मग मी पोराला विचारतो, काय दिसलं? त्याने सांगितलेलं मला दिसलेल्याशी जुळलं तर त्यावर एकच ठोसा ठरवायचा. जुळलं नाही तर मी माझं सांगतो, तेही एका वाक्यात. तू तुझ्या कोचला आधीच सांगून ठेव की मला आधी बोलू द्या. चांगला कोच रागवत नाही.

शेवटी तुझ्या 'उपजत' वाल्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर. थोडं असतं. काही पोरांचा श्वास अनोळखी माणसासमोर चढत नाही, आणि ज्याचा श्वास शांत त्याला जास्त दिसतं. हे मला शिकवता आलेलं नाही, बाउटची संख्या वाढली की आपोआप थोडं येतं. आणि काहींना समोरचा वाचताच येत नाही, कितीही डबे उघडा. माझ्याकडचा एक चांगला पोरगा असाच होता. त्याला विचारलं काय दिसलं, तर हसायचा. मग त्याच्यासाठी उलटा रस्ता धरला : जॅब इतका पक्का केला की जुळवून घ्यायची वेळ समोरच्यावर यायची. तोही रस्ता आहे, आणि खालच्या दर्जाचा नाही. तू कुठल्यातला हे तीन महिने चिठ्ठ्या काढल्यावर कळेल.

तोपर्यंत एक काम कर. पुढच्या बाउटचा पहिला राउंड कुणाला तरी मोबाइलवर घ्यायला सांग, आणि घरी आल्यावर निकाल बाजूला ठेवून पहिल्या मिनिटातल्या तुझ्या हुली मोज. माझा अंदाज आहे, दोनपेक्षा जास्त निघणार नाहीत. मागच्या सहांपैकी एखाद्या बाउटचा व्हिडिओ असेल तर आजच मोजून बघ आणि आकडा इथं लिही.